महिनाभराचें विद्यापीठ

विद्या ही सावकाश येणारी वस्तु आहे, असा आपल्याकडील जुना समज आहे. गुरुगृहीं वर्षानुवर्षें राहावें, सेवा करावी आणि मग एखाद्या शास्त्रांत गति मिळवावी, ही कल्पना आपल्या मनांत इतकी रुजलेली आहे कीं, "अमुक विषय तीन आठवड्यांत शिकवूं" असें कोणी म्हटलें म्हणजे सुज्ञ मनुष्य प्रथम हंसतो आणि मग फी किती तें विचारतो. हा संशय वाजवी आहे. पण पूर्वजांच्या नांवावर तो सबंध घालतां येणार नाहीं. ज्या मनुस्मृतीनें दीर्घ ब्रह्मचर्य सांगितलें, तिनेंच श्रावणीच्या उपाकर्मापासून साडेचार महिने नेटानें वेदाध्ययन करून मग उत्सर्जन करावें, असेंहि सांगून ठेविलें आहे. अध्ययनाला ऋतु असतो, कांहीं दिवस जोरानें शिकावें आणि कांहीं दिवस शिकलेलें मुरूं द्यावें, ही गोष्ट आपल्या लोकांस अगदींच अपरिचित नव्हती.

आजचा आमचा प्रश्न मात्र निराळा आहे. ज्याला पोटापाण्याच्या उद्योगांतून वर्षाकाठीं दोनतीन आठवड्यांचीच उसंत मिळते, त्याच्या वांट्यास विद्यापीठाचें खरें शिक्षण कधींच यावयाचें नाहीं काय? आणि यावयाचें असल्यास तें त्या दोनतीन आठवड्यांत मावेल काय? येथें आम्हांस धंद्याचें शिक्षण अभिप्रेत नाहीं. थोड्या दिवसांत मोटार चालविण्यास शिकतां येतें, हें सर्वांस ठाऊक आहे. इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र, सृष्टिशास्त्र इत्यादि जे विषय मनुष्याचा पगार वाढवीत नाहींत, पण त्याची दृष्टि वाढवितात, त्यांच्या सर्वसाधारण शिक्षणाचा हा प्रश्न आहे. इंग्लंडांतील विद्यापीठांनीं १८८८ सालापासून या प्रश्नाला जें उत्तर दिलें त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण तें उत्तर प्रथम अर्धवट होतें, आणि तें पुरें करण्यास ज्यांनीं विद्यापीठास भाग पाडलें, त्यांत प्राध्यापकांपेक्षां कारकून, विणकर आणि मातीचीं भांडीं करणारे मजूर यांचाच वांटा मोठा होता.

या हकीकतीचा आरंभ १८६७ सालीं होतो. केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजाचे तरुण फेलो जेम्स स्टुअर्ट यांस उत्तर इंग्लंडांतील स्त्रियांच्या संस्थांनीं व्याख्यानें देण्यास बोलाविलें. त्यांनीं ज्योतिषशास्त्र हा विषय घेतला. तरुण पुरुषानें तरुण स्त्रियांस समोरासमोर प्रश्न विचारणें त्या काळीं प्रशस्त वाटत नसे. म्हणून प्रश्न छापून द्यावे आणि उत्तरें लेखी मागवावीं, अशी तोड निघाली. त्याच सुमारास रॉचडेल येथील सहकारी मंडळींपुढें त्यांचीं व्याख्यानें झालीं. तेथें श्रोत्यांनीं विनंती केली कीं, भिंतीवर टांगलेल्या आकृति पुढच्या खेपेपर्यंत तशाच राहूं द्या; आम्हांला त्या पाहून आपसांत चर्चा करावयाची आहे. या चर्चेंतून व्याख्यानाला जोडून वर्ग घेण्याची चाल पडली. छापील टांचण, लेखी उत्तरें आणि चर्चेचा वर्ग हीं पुढील सर्व चळवळीचीं तीन अंगें होत. आणि गंमत अशी कीं, यांपैकीं एक लोकलज्जेमुळें व दुसरें श्रोत्यांच्या हट्टामुळें जन्मास आलें.

केंब्रिज विद्यापीठानें १८७३ सालीं हें काम अधिकृत रीतीनें अंगावर घेतलें व नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या गांवीं पहिले वर्ग उघडले. ऑक्सफर्डनें १८७८ सालीं आरंभ केला, परंतु त्यास खरी गति १८८५ सालीं मायकेल सॅड्लर हे चिटणीस झाल्यावर आली. या चळवळीला 'युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन' म्हणजे विद्यापीठ-विस्तार असें नांव पडलें. विद्यापीठाचा व्याख्याता आगगाडीनें गांवोगांव जाई, आणि ऑक्सफर्डहून त्याच्या विषयाच्या पुस्तकांची पेटी केंद्रावर पोंचती होई. श्रोत्यांची उत्कंठा केवढी होती, याचें एक उदाहरण पुरे आहे. नॉर्थंबरलंडमधील कोळशाच्या खाणींत काम करणारे दोघे भाऊ पांच मैलांवरील केंद्रावर व्याख्यानास येत. येतांना आगगाडी मिळे, परततांना मिळत नसे. म्हणून ते रात्रीं पायीं घरीं जात, आणि वादळी पावसाच्या रात्रींहि त्यांनीं आपला क्रम मोडला नाहीं.

परंतु या इमारतीचा पाया कच्चा होता. सरकारी मदत नव्हती; व्याख्यानमालेचा खर्च बव्हंशीं तिकिटांच्या विक्रीवर भागवावा लागे. म्हणून यंदां ज्योतिष झालें तर पुढच्या वर्षीं जो विषय श्रोते खेंचील तोच घ्यावा लागे, आणि अभ्यासाचा धागा तुटे. नॉर्थंबरलंडांत १८८७ सालीं खाणकामगारांचा संप झाला, तेव्हां तेथील व्याख्यानें बंद पडलीं. मजुरांच्या खिशांत पैसे नाहींत, म्हणून विद्यापीठहि नाहीं! शिवाय एकेकट्या गांवीं टांचणें वाचून उत्तरें लिहिणाऱ्या माणसास आपल्यासारखे आणखीहि लोक आहेत, हें दिसण्याची सोय नव्हती. ही शेवटची उणीव दूर करण्याची कल्पना अमेरिकेंतून आली.

न्यूयॉर्क संस्थानांत शटॉक्वा नांवाचें एक सरोवर आहे. तेथें कारखानदार लुईस मिलर आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉन व्हिन्सेंट यांनीं १८७४ च्या ऑगस्टांत रविवारच्या धर्मवर्गांतील शिक्षकांसाठीं दोन आठवड्यांचें संमेलन भरविलें. हळूहळू धर्माच्या जोडीस भाषा, इतिहास, विज्ञान, संगीत हेहि विषय आले. व्हिन्सेंट यांस स्वतःला कॉलेजचें शिक्षण मिळालें नव्हतें, आणि ही रुखरुख त्यांच्या कामाच्या मुळाशीं होती. त्यांनीं १८७८ सालीं चार वर्षांचा वाचनक्रम आंखून एक वाचनमंडळ काढलें; पहिल्याच वर्षीं त्यांत आठ हजारांवर लोकांनीं नांवें नोंदविलीं. लहान लहान गांवांतील गृहिणी, शिक्षक व दुकानदार हिंवाळ्यांत नेमलेलीं पुस्तकें वाचीत आणि ज्यांस साधेल ते उन्हाळ्यांत सरोवराच्या कांठीं जमत. उन्हाळ्यांतील संमेलन हा वर्षभराच्या वाचनाचा मेळावा असावा, ही या योजनेंतील खरी खुबी होती.

ही योजना इंग्लंडांत आणावी, असा नॉटिंगहॅमचे धर्मोपदेशक पेटन यांनीं ध्यास घेतला, आणि सॅड्लर यांनीं ती उचलून धरली. ऑक्सफर्डचीं अध्यापनाचीं सत्रें आठ आठ आठवड्यांचीं तीन. म्हणजे वर्षांतील चोवीस आठवडे सोडले तर बाकीच्या काळांत तेथील प्राचीन वाडे, वाचनालयें आणि हिरवळी बहुतेक ओस असत. १८८८ च्या ऑगस्टांत या रिकाम्या वाड्यांत पहिलें उन्हाळी संमेलन भरलें. सुमारें नऊशें विद्यार्थी जमले आणि दहा दिवस त्यांनीं व्याख्यानें ऐकलीं. त्यांत शाळाशिक्षक पुष्कळ होते, आणि स्त्रियांची संख्या तर डोळ्यांत भरण्यासारखी होती. ऑक्सफर्डनें स्त्रियांस पदवी देण्याचें १९२० सालापर्यंत मनावर घेतलें नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे ज्या दिवाणखान्यांत पदवीसाठीं बसण्याचा त्यांना अधिकार नव्हता, तेथें दहा दिवस कां होईना, पण हक्कानें वही उघडून बसणें यांत त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

टीकाकार गप्प बसले नाहींत. दहा दिवसांत इतिहास, काव्य, रसायन आणि शिल्प हीं सगळीं ऐकविणें म्हणजे विद्येची जत्रा भरविणें होय, असा आक्षेप निघाला. जत्रेंत मनुष्य पुष्कळ पाहतो आणि घरीं एक शिटी घेऊन येतो. या आक्षेपांत तथ्य होतें, आणि चालकांनीं तें ओळखलें, हें त्यांस भूषणावह आहे. पुढच्याच वर्षापासून संमेलनाचे दोन भाग केले: पहिला दहा दिवसांचा, सर्वांसाठीं; आणि दुसरा त्यापुढील आठवड्यांचा, ज्यांस एखाद्या विषयाचा नीट अभ्यास करावयाचा असेल त्यांच्यासाठीं. पुढें दर संमेलनास इतिहासांतील एक कालखंड नेमून त्या काळांतील राजकारण, वाङ्मय, कला आणि तत्त्वज्ञान या सर्वांची व्याख्यानें त्याभोंवतीं गुंफण्याची पद्धत पडली. विद्येच्या पुनरुज्जीवनाचा काळ, सतरावें शतक, अठरावें शतक असे कालखंड क्रमानें घेतले गेले. केंब्रिजनेंहि अशींच संमेलनें सुरू केलीं आणि कालांतरानें तीं दोन्ही ठिकाणीं आळीपाळीनें भरूं लागलीं. थोड्या दिवसांत सर्व कांहीं शिकविण्याचा मोह सोडून एका गोष्टीकडे अनेक बाजूंनीं पाहण्यास शिकविणें, ही सुधारणा आमच्या मतें फार मोलाची होती. थोडा वेळ असला म्हणजे विषयहि थोडा घ्यावा लागतो. मात्र तो खोल घ्यावा लागतो.

तथापि एक उणीव राहिलीच. ज्यांच्यासाठीं ही सारी खटपट आहे असें बोललें जाई, ते मजूर संमेलनांत फार थोडे दिसत. निबंधस्पर्धेंत यश मिळवून शिष्यवृत्ति मिळालेले कांहीं येत. बाकीच्यांस येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी हीं दोन्ही झेंपत नसत. ही गोष्ट ज्याच्या मनाला लागली तो मनुष्य प्राध्यापक नव्हता. आल्बर्ट मॅन्सब्रिज हा सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली. पुढें तो सहकारी संस्थांच्या घाऊक भांडारांत कारकून झाला आणि विस्ताराचीं व्याख्यानें ऐकून शिकला. १९०३ सालीं त्यानें व त्याच्या पत्नीनें मजुरांच्या उच्च शिक्षणासाठीं एक संघ काढला. फ्रान्सिसबाईंनीं घरखर्चाच्या पैशांतून काढून दिलेले अडीच शिलिंग हें या संघाचें पहिलें भांडवल. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत ऑक्सफर्डचें उन्हाळी संमेलन चालू असतां तेथेंच सभा भरून संघाची रीतसर स्थापना झाली. ज्या संमेलनांत मजूर तुरळक दिसत, त्याच्याच मांडवांत मजुरांची शिक्षणसंस्था जन्मली.

यानंतर चार वर्षांनीं, १९०७ च्या उन्हाळी संमेलनांत, मजुरांच्या शिक्षणासाठीं ऑक्सफर्डनें काय करावें, या प्रश्नावर परिषद भरली. पोर्ट्समथच्या गोदींतील जहाजबांधणीचा कारागीर मॅक्टॅव्हिश बोलावयास उभा राहिला. आपण याचक म्हणून आलों नाहीं, आपल्या वर्गाला ऑक्सफर्डमधील उत्तमांतलें उत्तम मिळणें हा त्याचा हक्क आहे, अशा आशयाचें त्याचें भाषण झालें. त्यांत दयेची मागणी नव्हती, म्हणून त्याचा परिणाम झाला. विद्यापीठाचे सात आणि मजूरसंघाचे सात अशा चौदा जणांची समिति नेमली गेली व तिचा अहवाल १९०८ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां या मजुरांनीं काय मागितलें, तें पाहण्यासारखें आहे. दमलेल्या माणसाला सोपें, थोडकें आणि रंजक द्यावें, असा शिकलेल्या लोकांचा सामान्य ग्रह असतो. यांनीं मागितलें तें याच्या अगदीं उलट. रॉचडेलच्या मंडळींस सुटी व्याख्यानें नको होतीं. त्यांस एक विषय, एक शिक्षक आणि सलग अभ्यास हवा होता. त्यावरून 'ट्यूटोरिअल' वर्गाची योजना ठरली: मुदत तीन वर्षें, दर वर्षीं चोवीस बैठकी, प्रत्येक बैठक दोन तासांची, पैकीं एक तास व्याख्यान व एक तास चर्चा, विद्यार्थी सुमारें तीस, आणि प्रत्येकानें पंधरवड्यास एक निबंध लिहावयाचा. ऑक्सफर्डचें वर्ष चोवीस आठवड्यांचें, तसेंच यांचेंहि! १९०८ च्या जानेवारींत असे पहिले वर्ग लाँगटन आणि रॉचडेल येथें उघडले. शिक्षक होते आर. एच. टॉनी. यांचा जन्म कलकत्त्याचा. शुक्रवारीं रात्रीं लाँगटनच्या कुंभारांस आणि शनिवारीं रॉचडेलच्या विणकरांस ते आर्थिक इतिहास शिकवीत. सोळाव्या शतकांतील शेतजमिनीच्या प्रश्नावरील त्यांचा विख्यात ग्रंथ १९१२ सालीं निघाला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं या विणकर, कुंभार, खाणकामगार व यंत्रकामगार विद्यार्थ्यांचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या रॉचडेलनें स्टुअर्ट यांस भिंतीवरील आकृति ठेवून जाण्यास सांगितलें होतें, त्याच रॉचडेलनें आतां टॉनी यांस ठेवून घेतलें.

मग उन्हाळी संमेलनाचें काय झालें? तें निरुपयोगी ठरलें काय? नाहीं. १९१० सालापासून या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं ऑक्सफर्डमध्यें निराळा उन्हाळी अभ्यास सुरू झाला. आतां येणारा मजूर रित्या हातांनीं येत नव्हता. वर्षभर लिहिलेले निबंध, अडलेले प्रश्न आणि अर्धवट वाचलेलीं पुस्तकें घेऊन तो येई. एखाद्या अध्यापकापुढें बसून आपला निबंध वाक्यावाक्यानें तपासून घेई. आणि मोठ्या ग्रंथालयांत आपल्या विषयाचीं मूळ साधनें पाही. तोच वाडा, तेच दोन आठवडे. परंतु १८८८ सालीं जें दर्शन होतें, तें आतां अध्ययन झालें. आमच्या मतें सर्व इतिहासाचें सार या एका फरकांत आहे. दिवसांची संख्या बदलली नव्हती. त्या दिवसांच्या मागें आणि पुढें काय आहे, तें बदललें होतें.

अमेरिकेंत याच गोष्टीचा दाखला दोन परस्परविरुद्ध दिशांनीं मिळतो. शटॉक्वाच्या वर्गांत हिब्रू शिकविणारे विल्यम रेनी हार्पर हे पुढें शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. तें विद्यापीठ १८९२ सालीं उघडलें. त्यांनीं वर्षाचे चार भाग पाडून उन्हाळा हाहि त्यांपैकींच एक पूर्ण भाग मानला. त्यांतील अभ्यासाची किंमत इतर तीन भागांइतकीच. त्यामुळें शाळाशिक्षकांस एकेका उन्हाळ्यांत थोडथोडा अभ्यास पुरा करून पदवीपर्यंत जातां येऊं लागलें. दुसरीकडे १९०४ सालापासून 'शटॉक्वा' हें नांव धारण करणारे फिरते तंबू गांवोगांव हिंडूं लागले. त्यांत व्याख्यानाबरोबर गाणें आलें, नकला आल्या, जादूगार आले. नेमलेलीं पुस्तकें आणि वाचनमंडळें यांच्याशीं संबंध राहिला नाहीं. कांहीं वर्षें गर्दी लोटली. पुढें रेडिओ, बोलपट व मोटारी आल्या, मंदी आली, आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत ते तंबू उठले. करमणुकीशीं स्पर्धा करूं पाहणारी विद्या अधिक चांगली करमणूक येतांच हरते. सरोवराकांठचें मूळ शटॉक्वा मात्र अद्यापि उन्हाळ्यांत भरतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेला इंग्लंडांत आणखी एक मोठें रूप आलें. हॅरल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळांतील जेनी ली या स्कॉटिश खाणकामगाराच्या कन्या. त्यांच्या चिकाटीनें मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. १९६९ सालीं त्यास सनद मिळाली आणि १९७१ सालीं सुमारें चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशीं शिकवणी सुरू झाली. पूर्वींच्या परीक्षेची अट नव्हती. पाठ टपालानें येत, व्याख्यानें रेडिओवर व दूरचित्रवाणीवर होत. आणि आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमांत प्रत्येकास उन्हाळ्यांत एक आठवडा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या रिकाम्या वसतिगृहांत राहून अभ्यास करावा लागे. वर्षभर स्वयंपाकघराच्या टेबलावर एकटें शिकणाऱ्या मनुष्यास त्या आठवड्यांत प्रथमच प्रयोगशाळा, शिक्षक आणि सहाध्यायी भेटत. नॉर्थंबरलंडचे ते दोघे भाऊ ज्या एकांतांतून चालत घरीं गेले, त्या एकांतावरचाच हा उपाय होता. पुढील दशकांत खर्च आणि नोकरी-संसाराच्या अडचणी यांमुळें ही सक्ती बहुतेक सुटत गेली. जें सुटलें तें सर्वांत महाग होतें, आणि आम्हांस वाटतें कीं सर्वांत मोलाचेंहि होतें.

या चळवळीच्या दोघा धुरीणांचा आपल्या देशाशीं प्रत्यक्ष संबंध आला, हें येथें नमूद केलें पाहिजे. सॅड्लर हे १९१७ सालीं नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ कमिशनचे अध्यक्ष होते. १८८७ च्या सुमारास एडिंबरो येथें उन्हाळी संमेलनें सुरू करणारे पॅट्रिक गेडीज हे १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांच्याच शिफारसीनें विलायतेस गेलेले डॉ. घुर्ये त्यांच्या मागून त्या विभागाचे प्रमुख झाले. पण आपली स्वतःची परंपराहि लहान नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें पुण्यास वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली, म्हणजे ऑक्सफर्डच्या पहिल्या संमेलनाच्या तेरा वर्षें आधीं. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं कुटुंबेंच्या कुटुंबें व्याख्यानास जावीं, आणि त्याचें अनुकरण गांवोगांव व्हावें, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. नाशिकास १९८९ सालीं स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानें दूरशिक्षणाचीहि वाट मराठी विद्यार्थ्यांस करून दिली आहे.

म्हणजे ऐकण्याची आवड आपल्याकडे आहे, आणि पदवीची सोयहि आहे. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे पदवीची अपेक्षा न धरतां एखादा विषय कांहीं वर्षें धरून शिकणारी मंडळी, ती मात्र अजून फार थोडी आहे. व्याख्यान संपलें कीं आपण आभारप्रदर्शन ऐकतों, चपला शोधतों आणि वक्ता कसा बोलला याची चर्चा करीत घरीं येतों. वक्ता काय बोलला, तें तपासण्यास पुढच्या आठवड्यांत पुन्हा बसत नाहीं. रॉचडेलच्या सहकारी मंडळींनीं भिंतीवरील आकृति ठेवून घेतल्या, एवढाच त्यांचा आपला फरक; पण त्या फरकांतून तीन वर्षांचे वर्ग, एका विख्यात ग्रंथाची सामग्री आणि मोठी शिक्षणसंस्था निघाली.

अलीकडे आठवड्याचे, पंधरवड्याचे, महिन्याचे अभ्यासवर्ग जागोजाग निघत आहेत. त्यांस केवळ अल्पमुदतीचे म्हणून नाक मुरडूं नये, आणि केवळ विद्यापीठाचें नांव आहे म्हणून भुलूंहि नये. आपल्या घरांतील मुलगा, सून किंवा निवृत्त झालेले वडील अशा वर्गास निघाले असतां त्यांनीं चालकांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. येण्यापूर्वीं आम्हीं काय वाचून यावें? आम्हीं लिहिलेलें कोण वाचून दुरुस्त करून देईल? आणि वर्ग संपल्यावर पुढच्या महिन्यांत आम्हीं कोणाबरोबर बसावें? या तिहींचीं उत्तरें मिळालीं, तर तीन आठवडे पुष्कळ झाले. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर चालकांपाशीं नसेल, तर तें आपल्याला शोधतां येईल. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचें नांव विचारावें, आणि महिन्यांतून एका रविवारीं एकत्र बसण्याचें ठरवावें.